वीस अंश बेचाळीस मिनिटं

आमच्या विभागाची उद्दिष्टं मी लिहिली आहेत. एका शनिवारी, कॅन्टीनमधला गार समोसा खात, पाऊण तासात. खारघरच्या टेकडीखालच्या आमच्या खाजगी विद्यापीठात पूर्वी गणित आणि भौतिकशास्त्र हे दोन वेगळे विभाग होते. मुलं कमी झाली तसं दोघांना एका खोलीत आणलं, मध्ये एक लोखंडी कपाट उभं केलं आणि दारावर एकच पाटी ठोकली. मूल्यांकन समिती येणार म्हटल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की या जोडविभागाला उद्दिष्टंच नाहीत. इतकी वर्षं आम्ही बिनउद्दिष्टाचे शिकवत होतो आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

"पाच पाहिजेत," विभागप्रमुख शिवतेज सर म्हणाले. "चारावर भागणार नाही. संघप्रिया मॅडम, तुमची भाषा चांगली आहे, तुम्हीच करा."

माझं काय काय चांगलं आहे हे लोकांना अशाच वेळी आठवतं. अकरा वर्षं मी इथे भौतिकशास्त्र शिकवते, करारावर. अकरा महिने झाले की एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवशी मी बेकार असते आणि दुसऱ्या दिवशी नवीकोरी. माझे वडील, दत्तू, वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तीस वर्षं माथाडी होते. पाठ गेली, आता कोपरखैरण्याच्या घरात बसून असतात आणि दर एप्रिलला मला एकच विचारतात, "पक्कं झालं का गं?" यंदा मे महिन्यात पक्क्या जागेची मुलाखत लागली होती. म्हणून निमूटपणे उद्दिष्टं लिहायला बसले.

चार उद्दिष्टं दुसऱ्या विद्यापीठांच्या वेबसाइटवरून उचलली. जागतिक दर्जा, सर्वांगीण विकास, असंच काहीबाही. त्यांनीही ती कुठूनतरी उचललीच असणार. पाचवं मात्र माझं होतं: विद्यार्थ्याला दिसेल तेच लिहिण्याची सवय लावणे. शिवतेज सरांनी ते वाचलं, 'प्रामाणिक निरीक्षणाची वृत्ती रुजवणे' असं इस्त्री करून घेतलं आणि थेट पहिल्या नंबरवर टाकलं. आठवड्याभरात जिन्याजवळ निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं लागली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला होता. जिना चढताना मी रोज ती ओळ वाचायचे.

आता आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं तेही सांगायला हवं. आमच्याकडे उत्तर आधी येतं आणि रीडिंग मागून. उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं. त्यावरून उलटं गणित करायचं, कोष्टकात आकडे भरायचे, एखाददुसऱ्या आकड्यात थोडी चूक पेरायची म्हणजे खरं वाटतं. ही विद्या मोठ्या वर्गाकडून धाकट्या वर्गाकडे जर्नलसकट जाते. मीही विद्यार्थिनी असताना हेच केलं. दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना सांगते, "जे दिसेल तेच लिहा." पंगतीत यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरतो आणि पुढची पंगत मागे ताटकळत उभी असते, तसंच ते. कुणी मनावर घेत नाही. घेऊही नये अशी व्यवस्था आहे. साठ मुलं, एक स्पेक्ट्रोमीटर आणि सोडियमचा एक चालू दिवा. चौघांच्या गटात एक जण यंत्रावर वाकतो आणि तिघं वहीवर.

मैत्रीने ते मनावर घेतलं. तिसऱ्या वर्षाची मुलगी, जासईला राहायची. घर मूळचं महाडकडचं, पण वडिलांना न्हावा शेव्याच्या बाजूला कंटेनर यार्डात काम मिळालं, तेव्हापासून तिकडेच. अभ्यासात पहिली होती असं नाही, पण ऐकून घेतलेलं विसरायची नाही. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत एमएस्सीला तिचा नंबर लागला होता. आमच्या विभागातून तिथे कधी कुणी गेलं नव्हतं. अट एकच, यंदाच्याच परीक्षेत सगळ्या विषयांत पास झाल्याची गुणपत्रिका. एक विषय राहिला तरी जागा गेली.

प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी होती आणि समिती गुरुवारी. मैत्रीच्या चिठ्ठीत सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायचा प्रयोग निघाला. प्रयोग सोपा आहे. काचेची एक पट्टी असते, तिला ग्रेटिंग म्हणतात. तिच्यावर अतिशय बारीक रेघा कोरलेल्या असतात, आमच्या पट्टीवर मिलिमीटरला सहाशे. दिव्याचा पिवळा प्रकाश त्या काचेतून वळतो. किती अंशांत वळला ते दुर्बीण फिरवून वाचायचं आणि एका ओळीचं गणित करायचं. उत्तर पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर. कोन वीस अंश बेचाळीस मिनिटं. हा कोन आमच्या मुलांना स्वतःच्या मोबाइल नंबरासारखा पाठ असतो.

मैत्रीचं उत्तर आलं चारशे एक्क्याण्णव.

बाहेरचे परीक्षक बाबासो सर होते, मूळचे कराडकडचे, पनवेलच्या एका कॉलेजात शिकवणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाळ, चारशे एक्क्याण्णव म्हणजे निळसर हिरवा उजेड झाला. समोर दिवा कसला जळतोय?"

"पिवळा, सर."

"मग?"

"माहीत आहे सर, पाचशे एकोणनव्वद यायला पाहिजे. पण कोन सतरा अंश आठ मिनिटंच येतोय. तीनदा बघितला."

"अगं, मग काहीतरी चुकलंय. तुझ्या आधी याच यंत्रावर बसलेल्यांचं बघ, सगळ्यांचं बरोबर आलंय. अर्धा तास हाय अजून, दुरुस्त कर की."

"काय दुरुस्त करू सर? दिसतंय ते सतराच आहे." आणि मग तिने माझ्याकडे बोट केलं. "मॅडमनीच सांगितलंय, दिसेल तेच लिहायचं."

बाबासो सरांनी पन्नासपैकी चौदा दिले. पास व्हायला वीस लागतात. गुणांच्या कागदावर दुसरी सही माझी हवी होती. ते म्हणाले, "मॅडम, पोरगी उद्धट नाही, हट्टी हाय. मला तिचं वाटोळं करायचं नाही. पाच वाजेपर्यंत मी हितंच हाय. तुम्ही तिला समजवा, नीट लिहून दिलं तर मार्क बदलतो."

मुलं जेवायला गेल्यावर मी अंधारखोलीत शिरले आणि दार लावून घेतलं. दिवा अजून तापलेलाच होता. दुर्बीण शून्यावर आणली आणि हळूहळू फिरवत नेली. पिवळी रेघ दिसली. भिंग धरून मोजपट्टी वाचली. सतरा अंश आठ मिनिटं. उलट्या बाजूने वाचलं. तेच. खरं सांगते, त्या यंत्राला मी स्वतः डोळा लावल्याला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत मी किती जर्नलांवर लाल शाईने बरोबरची खूण केली असेल याचा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या मांडू लागले आणि अर्ध्यात सोडला. मला माझी शिसारी आली.

प्रयोगशाळेचा शिपाई हिरामण कपाटं पुसत होता. तो उलव्याच्या बाजूचा, आगरी माणूस. मी त्याच्यासमोर ती काच धरली.

"हिरामणदादा, ही काच कधीची?"

"ही? जुनी फुटली तवाची. आठ वर्सां झाली." त्याने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. "नवी पाचशे रेघांची आली ना, ती मी जुन्याच चौकटीन बसवली. चौकट चांगली हाय म्हनून. लेबल जुनाच रायला."

"मग सांगायचं नाही का कुणाला?"

"तुमालाच सांगला ना मॅडम. तुमी बोल्ले, लेबल मंग बदलू. रजिस्टरला सही पन तुमचीच हाय."

मी रजिस्टर काढून पाहिलं. सही माझीच होती.

काच पाचशे रेघांची, लेबल सहाशेचं. त्यामुळे कोन सतरा येणार आणि सहाशे धरून गणित केलं की उत्तर चारशे एक्क्याण्णव येणार. मैत्रीचा आकडान् आकडा खरा होता. आठ वर्षं, दरवर्षी साठ मुलं, त्यांना शिकवणारे आम्ही, परीक्षा घ्यायला येणारे बाहेरचे. एकालाही सतरा अंश दिसले नाहीत, कारण एकानेही पाहिलं नाही. सगळ्यांच्या वहीत वीस बेचाळीस. मैत्रीला ते यंत्र परीक्षेत पहिल्यांदा एकटीला मिळालं, तिला पहिल्या फटक्यात दिसलं, आणि ती नापास होती.

मी शिवतेज सरांकडे गेले. ते गणिताचे. दुर्बिणीला त्यांनी कधी हात लावल्याचं मला आठवत नाही, पण माझं बोलणं त्यांना दोन मिनिटांत समजलं. हुशार आहेत. त्यांनी दार लोटलं.

"मुलगी बरोबर आहे, मान्य," ते म्हणाले. "आता मला सांगा, गुरुवारी समितीपुढे आपण पहिल्या उद्दिष्टाचा पुरावा म्हणून काय मांडलंय?"

मला माहीत होतं. तो तक्ता मीच भरला होता. प्रत्येक उद्दिष्ट किती साध्य झालं त्याला तीनपैकी गुण द्यायचे असतात. पहिल्या उद्दिष्टाला, माझ्या त्या ओळीला, मी तीनपैकी तीन दिले होते. पुरावा: आठ वर्षांची प्रात्यक्षिकाची जर्नलं. खालच्या दालनात लांब टेबलावर कापड अंथरून ती रचून ठेवली होती.

"तिला आज पास करायचं म्हणजे काच चुकीची आहे असं परीक्षेच्या कागदावर लिहायचं," सर म्हणाले. "म्हणजे ती जर्नलं खोटी. म्हणजे यंत्रं तपासून घेतल्याचा दाखला खोटा. दाखल्यावर सही कुणाची आहे मॅडम?"

"माझी."

"मेमध्ये इंटरव्ह्यू आहे ना तुमचा?" हे त्यांनी धमकी म्हणून विचारलं नाही, काळजीने विचारलं. धमकी असती तर कदाचित माझं डोकं फिरलं असतं आणि बरं झालं असतं. "समिती जाऊ दे. मग काच बदलू, लेबल बदलू, सगळं करू. मुलीचंही नुकसान नको. तिला म्हणावं, वीस बेचाळीस लिही आणि मोकळी हो. एका आकड्याचा तर प्रश्न आहे."

मैत्री जिन्यात बसली होती, बरोबर पाटीखाली. डबा उघडून मांडीवर ठेवला होता, खाल्लं नव्हतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"मॅडम, तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"सतराच आहे ना?"

"सतराच आहे. काच पाचशेची आहे, लेबल चुकीचं आहे."

तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "मला वाटलंच! म्हणजे, आधी मला वाटलं माझंच डोकं फिरलंय. मॅडम, आमचे पप्पा यार्डात कंटेनरचे नंबर टिपतात. कागदावर एक नंबर आणि डब्यावर दुसरा असला ना, तर डब्यावरचा लिहायचा, असं ते म्हणतात. नाहीतर डबा भलत्याच बोटीत चढतो. मग आता सरांना सांगायचं ना?"

"मैत्री, ऐक." आणि मी बोलू लागले. समिती, पुणे, गुणपत्रिका, एक वर्ष फुकट जाईल, तुझ्या घरचे काय म्हणतील, पुढे तुला हवं तितकं खरं लिहायला मिळेल, आता फक्त एकदाच. मी चांगली शिकवते. माझे मुद्दे एकामागून एक येत होते आणि त्यातला एकही खोटा नव्हता. माझ्या मुलाखतीचा मुद्दा तेवढा मी घेतला नाही.

ती ऐकत राहिली. डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "पण तुम्ही बघितलंय ना मॅडम?"

"हो."

"तरी?"

"तरी."

 खाली हिरामण दालनात खुर्च्या ओढत होता. मग तिने पिशवीतून पेन काढलं.

"वीस अंश आणि किती मिनिटं?"

"बेचाळीस," मी म्हणाले.

बाबासो सरांनी पन्नासपैकी एकेचाळीस दिले. मी सही केली. "बघा, समजावलं की समजतात पोरं," असं म्हणून ते पनवेलच्या बसला गेले.

गुरुवारी समिती आली. तिघं जण होते. अध्यक्ष म्हातारे, शांत, दिल्लीकडचे, पण पुण्यात शिकल्यामुळे मराठी चांगलं बोलणारे. ते पाटीसमोर थांबले आणि पहिली ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. "प्रामाणिक निरीक्षणाची वृत्ती. वा. हे कुठून उतरवलेलं वाटत नाही. कुणी लिहिलं?"

शिवतेज सरांनी मला पुढे केलं. अध्यक्षांनी मला नमस्कार केला. मी जमिनीवरच्या फरश्या बघत होते.

मग त्यांना एखादा विद्यार्थी प्रयोग करताना बघायचा होता. सरांनी मैत्रीला बोलावलं. पुण्याला निघालेली मुलगी, दाखवायला तीच होती. आणि आमच्याकडे चालू दिवा एकच, म्हणून प्रयोगही तोच. तीन दिवसांत काच कुणी बदलली नव्हती. लेबलही नाही. नव्या काचेची मागणी समितीच्या आधी कागदावर यायला नको, असं ठरलं होतं.

मैत्रीने दुर्बीण शून्यावर आणली. हात सुरेख चालत होता तिचा. पिवळी रेघ धरली आणि अध्यक्षांना बोलावलं. त्यांनी डोळा लावला. "स्पष्ट दिसतेय. कोन किती?"

मैत्री मोजपट्टीकडे वाकलीच नाही. सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "वीस अंश बेचाळीस मिनिटं, सर."

"न बघता?" अध्यक्ष हसले. "पाठ आहे वाटतं. मॅडम, तुम्ही वाचून सांगा बरं."

त्यांनी हसत हसतच भिंग माझ्या हातात दिलं. मी वाकले. मैत्री माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, याची मी आजही शपथ घेईन. ती वाट बघत होती. जिन्यात मी जे करायला हवं होतं ते करायची जागा तिने मला सगळ्यांसमोर पुन्हा करून दिली होती, स्वतःची मान पुढे ठेवून. मी नुसतं वाचायचं होतं. सतरा अंश आठ मिनिटं. भिंगाखाली रेघा इतक्या ठळक दिसत होत्या की चष्म्याचीही गरज नव्हती.

पाठीमागे शिवतेज सरांनी घसा साफ केला.

"वीस बेचाळीस, सर," मी म्हणाले.

"उत्तम," अध्यक्ष म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून पुढच्या खोलीत गेले. मैत्रीने दिवा बंद केला, काच काढून डबीत ठेवली, डबीवर फडकं घातलं आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाली. अहवालात आमच्या विभागाबद्दल चार ओळी चांगल्या आल्या, त्यातली एक माझ्या उद्दिष्टावर होती. मे महिन्यात माझी मुलाखत बारा मिनिटांत संपली आणि जूनमध्ये मी पक्की झाले. वडिलांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. कमरेत वाकून तीन मजले चढले ते. "एक त्या पुण्याच्या पोरीलाबी दे," मला म्हणाले. "तुज्याच हाताखाली शिकली ना?" मी पुडा बॅगेत ठेवला.

मैत्री जुलैत दाखला न्यायला आली. मी तिला जिन्यात गाठलं आणि पेढा पुढे केला. तिने घेतला, हातातच ठेवला.

"पुण्याला कधी निघतेस?"

"नाही गेले, मॅडम. तारीख संपली त्यांची."

"म्हणजे? गुणपत्रिका तर वेळेत मिळाली होती!"

"मिळाली होती. पाठवली नाही."

माझा आवाज चढला. मला तिचा खरंच संताप आला. "वेड लागलंय का तुला? एवढं सगळं मी कशासाठी केलं? तुझ्यासाठीच ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.  मी मात्र माझंच वाक्य ऐकलं आणि कानशिलं तापली.

"पप्पांच्या यार्डात लागलेय मी," ती जराशाने म्हणाली. "नंबर टिपायला. उन्हात उभं राहावं लागतं, बाकी टेन्शन नाही. तिथे दिसेल ते लिहिलं तर कुणी ओरडत नाही."

दाखल्याची घडी घालून तिने पिशवीत टाकली. "येते मॅडम," म्हणाली आणि उतरली. पेढा कठड्यावर ठेवलेला होता. हिरामणने तो दुपारी उचलून टाकला.

नवी काच आली. आता पट्टी सहाशेची आहे, लेबल सहाशेचं आहे, आणि कोन वीस बेचाळीसच येतो. परवा तिसऱ्या वर्षाचा पहिला तास झाला. मी फळ्यासमोर उभी राहिले. 'जे दिसेल ते' एवढं तोंडात आलं होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने पेन उघडून धरलं होतं. मी तिला म्हटलं, "मागच्या वर्षीच्या कुणाचं जर्नल मिळालं तर बघून घ्या," आणि हजेरी घ्यायला लागले.